घमेल्यातली जमीन

हे सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. आजवर मानलेलं नाही. मी हे लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, एकदा तर मयताला गेलो असताना माती देऊन परत येताना सांगितलं. तिथं रडणारे हसले, पण विश्वास कुणी ठेवला नाही. तरी पुन्हा सांगतो. एका माणसानं मोटारीत जमीन भरली, ती करंजी घाट चढवून पाथर्डीच्या अंगाला नेली, आणि त्या जमिनीच्या जोरावर मुंबईला बोलायला लावलं. हसा, हसा. आज मात्र माझ्याकडे साक्षीदार आहे. त्या तिकडं ओट्याच्या कडेला सूप मांडीवर घेऊन शेंगा फोडत बसल्यात ना, त्या हन्नाबाई. पुण्याला हेडमिस्ट्रेस होत्या, नाताळाला माहेरी आल्यात. हे सगळं महाभारत ज्यांच्या गाण्यापायी घडलं, त्या ह्याच. मी चुकलो तर त्या बोलतील.

या गोष्टीत योहान नावाचा एक शेजारी येतो. तो कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आपल्या शहाणपणाबद्दल आपल्याच तोंडानं 'मी, मी' करणं बरं दिसत नाही, म्हणून मी त्याला योहानच म्हणेन. थांबा, तेवढी तंबाखू मळू द्या.

हं. तर प्रभुदास मास्तर.

लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं, तो काळ. मास्तर नगरला मिशनच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. माणूस जन्मतःच दमलेला. फळा पुसताना अर्ध्यात थांबून एक सुस्कारा सोडायचे, मग उरलेला अर्धा पुसायचे. चर्चमध्ये सगळे गायला उभे राहायचे तेव्हा मास्तर पहिलं कडवं संपता संपता उभे राहायचे. अशा माणसानं आयुष्यात एकही भानगड करू नये. पण शाळेचे गोरे साहेब मायदेशी परत जाताना आपली जुनी फोर्ड मोटार मास्तरांच्या गळ्यात बांधून गेले. मडमेनं त्या मोटारीचं नाव ठेवलं होतं रिबेका. आता, बायबलातली रिबेका उंटांना पाणी पाजायची, हे तुम्हाला संडेस्कूलात शिकवलंय. ही रिबेका दहा उंटांचं पाणी एकटी प्यायची. शेजारच्या भिंगारपर्यंत जायचं तरी मास्तर मागच्या सीटवर दोन कळशा ठेवायचे.

आता मूळ दुखणं सांगतो. हन्ना तेव्हा एवढीशी, दोन वेण्या घालणारी. गळा मात्र असा की तिनं तान घेतली की माझ्या— योहानच्या कोंबड्या दाणे टिपायच्या थांबायच्या. तिला मुंबई रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात गायला बोलावणं आलं. शाळेच्या बाई तिला घेऊन जाणार होत्या. मिशनच्या कंपाउंडात साखर वाटली, रेशनची. पण हन्नाला लहानपणी सांभाळलं होतं तिच्या आजीनं, मास्तरांच्या सासूनं. कडूबाई. पाथर्डीच्या अलीकडे एका वस्तीवर राहायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, दिसत जवळजवळ काही नाही. पण नाक आणि जीभ, दोन्ही शाबूत. हन्ना जे गाणं म्हणणार होती, ती अंगाई याच आजीनं शिकवलेली.

मास्तर बायकोला, दयाबाईंना, घेऊन ही बातमी सांगायला वस्तीवर गेले. कडूबाई खाटेवर बसलेल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरगी मुंबईत गानार, आन् आमी हितं ऐकायचं कसं? वाऱ्यावर कान ठिवून?"

मास्तर म्हणाले, "आई, नगरला या. नव्या साहेबाच्या बंगल्यात रेडिओ आहे, तिथं ऐकू."

"मला खाटंवरनं उठून चुलीपत्तुर जाया व्हईना, आन् तुमी घाट उतराया सांगा. जाऊ द्या. आंधळ्याच्या नशिबी गानं बी न्हाई."

इथं मास्तरांनी गप्प बसायचं होतं. आयुष्यभर दमलेला माणूस नको त्या घटकेला ताजातवाना होतो, हा निसर्गाचा नियम आहे. मास्तर म्हणाले, "मग मी रेडिओ तुमच्या दारात आणीन. मोटारीत घालून."

कडूबाई हसल्या. म्हणाल्या, "जावईबापू, तुमी पत्रं टाकून देतो म्हनलाव, छप्पर अजून गवताचंच हाय. नाताळाला मोटारीतनं नेतो म्हनलाव, सन घाटातच झाला. तुमचा शब्द म्हंजी आमच्याकडचा पाऊस. ढग लई, थेंब न्हाई."

दयाबाई आईची बाजू घेऊन काही बोलल्या नाहीत, नवऱ्याचीही घेतली नाही. परतीच्या वाटेवर त्या गप्प होत्या, आणि मास्तरांना तेच लागलं. सासूनं बोललेलं माणूस सोसतो. पण त्या बोलण्यावर बायकोनं 'नाही' म्हणू नये, म्हणजे काय? घाट उतरताना मास्तरांनी ठरवलं की काही झालं तरी या खेपेला थेंब पाडायचाच.

त्या दिवसांत नगरला लष्कराचं लढाईतलं उरलंसुरलं सामान लिलावात निघत होतं. मच्छरदाण्या, बूट, खाटा, फुटक्या दुर्बिणी. मास्तरांनी तिथून कुठल्याशा लष्करी गाडीतला रेडिओ आणला. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. वजन असं की हमालानं तो खाली ठेवला आणि 'मास्तर, यात तोफ तर नाही ना?' असं विचारून कान लावून बघितला. त्याला मागून दोन वायरी लोंबत होत्या. एक बॅटरीची. दुसरीपाशी इंग्रजीत लिहिलं होतं की ही जमिनीला जोडा.

इथंच सगळं बिनसलं. कारण मास्तर शास्त्राचे मास्तर होते. साहेबाच्या बंगल्यातल्या रेडिओची जमिनीची वायर त्यांनी स्वतः पाहिली होती: खिडकीतून बाहेर काढलेली, नळाजवळच्या खड्ड्यात तांब्याच्या पत्र्याला बांधलेली, खड्ड्यात मीठ आणि कोळसा. साहेबाचा बबर्ची रोज संध्याकाळी त्यावर बादलीभर पाणी ओतायचा. पाणी ओतलं नाही की रेडिओ खोकायला लागायचा. अडाणी माणसानं ती वायर मोटारीच्या लोखंडाला कुठंतरी पिळली असती आणि मोकळा झाला असता. पण मास्तर विचार करणारे. ते म्हणाले, "मोटारीची चाकं रबराची. रबर वीज जाऊ देत नाही. म्हणजे मोटार रस्त्यावर उभी असली तरी शास्त्राच्या दृष्टीनं ती अधांतरी आहे. मग जमीन आणायची कुठून?"

हा प्रश्न त्यांनी मोठ्यांदा विचारला, ही दुसरी चूक. मिशन कंपाउंडात मोठ्यांदा विचारलेला प्रश्न अनाथ राहत नाही.

पहिला उपाय योहाननं सुचवला, आणि तो उत्तम होता, असं मी आजही म्हणतो. विहिरीची जुनी साखळी मोटारीला मागं बांधायची, तिचं टोक रस्त्यावर घासत राहील, म्हणजे जमिनीशी नातं तुटणार नाही. मास्तरांनी करून पाहिलं. रिबेका कापडबाजारातून निघाली, मागं साखळी खणखणतेय, ठिणग्या उडतायत, नगरची सगळी कुत्री त्या साखळीच्या वरातीत. लोक दुकानांतून बाहेर येऊन साखळीच्या मागं काय येतंय ते बघत होते. माळीवाड्याच्या कोपऱ्यावर हवालदारानं हात केला.

"हत्ती कुठंय?"

"कसला हत्ती?"

"साखळी हाय म्हंजी हत्ती असनारच. पळाला का?"

मास्तरांनी त्याला रेडिओ, रबर आणि पृथ्वी यांचा संबंध समजावून सांगितला. हवालदारानं सगळं शांतपणे ऐकलं आणि हत्ती सापडला की चौकीवर वर्दी द्या, असं सांगून सोडून दिलं. साखळी उतरवली. दोष साखळीचा नव्हता, कुत्र्यांचा होता, हे योहान सांगत राहिला.

मग काकासाहेब आले. हे पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. आयुष्यभर जमिनीचे खड्डे मोजलेले. ते हातातली काठी रिबेकाच्या टायरला टोचून म्हणाले, "प्रभुदास, जमिनीवर मोटार जात नसेल, तर मोटारीत जमीन गेली पाहिजे."

मास्तरांना हे पटलं. तुम्ही हसताय, पण त्या वेळी तुम्हालाही पटलं असतं, काकासाहेबांचा आवाजच तसा होता. ठरलं: मोठं घमेलं मागच्या सीटसमोर ठेवायचं, त्यात माती, मातीत मीठ-कोळसा, मधे तांब्याचा पत्रा, पत्र्याला वायर. बंगल्यातला खड्डाच जणू घमेल्यात. पण माती कुठली? तर यावर काकासाहेबांनी दोन संध्याकाळी घेतल्या. नगरची जमीन मुरमाड, वीज झिरपून जाईल. कर्जतची काळी चांगली, पण उन्हात भेगाळते; भेगेत करंट पडला तर काढायचा कोणी? "गोदावरीचा गाळ पाहिजे. पुणतांब्याचा. तो ओल धरून ठेवतो."

पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि कुपनं घाटासाठी जपून ठेवायची होती. म्हणून मास्तरांनी पुणतांब्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याला कळवलं, त्यानं पोतंभर गाळ आगगाडीनं पाठवला. मास्तर स्टेशनावर सोडवून घ्यायला गेले. पार्सलबाबूनं पोत्याला बोट लावलं, हुंगलं.

"माल काय?"

"माती."

"कसली माती?"

"नदीची."

"कशाला?"

"रेडिओला."

पार्सलबाबूनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मास्तर, तुमच्याकडं माझा भाचा शिकतो. मी काही वावगं विचारत नाही. पण पोत्यात खरं काय आहे?"

शेवटी पोतं फलाटावर उपडं केलं. आत मातीच निघाली. यावर पार्सलबाबूचा संशय आणखी वाढला, कारण माती मागवणारा माणूस माती निघाल्यावर एवढा खूश होताना त्यानं कधी पाहिला नव्हता. माती पुन्हा भरून, पोतं खांद्यावर घेऊन मास्तर टांग्यापर्यंत आले आणि टांग्याच्या पायरीवर बसले. टांगेवाला म्हणाला, "चला ना." मास्तर म्हणाले, "बसू दे रे जरा. कुठं जायचंय घाईनं."

रेडिओला लायसन लागायचं आणि ते पोस्टात मिळायचं. कोणत्या पोस्टात ते सांगत नाही. तिथल्या बाबूंचे नातू आता माझ्या नातवाबरोबर क्रिकेट खेळतात. बाबूनं विचारलं, "रेडिओ कुठल्या पत्त्यावर राहणार?"

"मोटारीत."

"मोटारीचा पत्ता?"

"मोटारीला पत्ता नसतो. ती फिरते."

"मग रेडिओही फिरतो म्हणा की. फिरत्या रेडिओला लायसन द्यायचं तर तो राहतो कुठं हे मला कळलं पाहिजे. उद्या वरून साहेब तपासायला आला तर मी त्याला कुठं धाडू?"

मास्तरांनी रिबेकाच्या पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. बाबूनं लायसन दिलं आणि वर समजही दिली: रेडिओ या पत्त्याबाहेर वाजवायचा नाही. म्हणजे लायसन मिळालं, पण ज्यासाठी हवं होतं तेवढं सोडून. मास्तरांनी ते घडी करून खिशात ठेवलं. त्यांना आता रागसुद्धा येईनासा झाला होता. रागाला अंगात थोडं बळ लागतं.

वायरिंगला गोरक्ष मिस्त्री आला. बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करायचा. विजेबद्दल त्याची स्वतःची अशी मतं होती. "मास्तर, वीज हाय ना, ती पान्यावानी. उताराकडं पळती. म्हनून बॅटरी वर पायजे आन् रेडिओ खाली." त्यानं बॅटरी पुढं होती तिथून उचलून फळीवर चढवली आणि रेडिओ मागच्या सीटखाली पार जमिनीलगत बसवला. ऐकायचं म्हणजे माणसानं नमाजाला बसल्यासारखं वाकायचं. "आता घाट चढताना रेडिओ आनखी खाली जाईल, लई जोरात बोलंल. उतरताना मातर काय सांगता येत न्हाई." शास्त्राच्या मास्तरांनी यावर तोंड उघडलं, आणि मिटलं. कुणाशी वाद घालायचा म्हणजे आधी उभं राहावं लागतं, आणि ते रिबेकाच्या पायरीवर बसले होते.

मग रिबेकाच्या अंगात आलं. हॉर्न दाबला की मागचा लाल दिवा लागायचा. दिवे लावले की काच पुसायची पट्टी हलायची. ब्रेक दाबला की हॉर्न आपोआप हुंदका द्यायचा. आणि रेडिओ? इंजिन चालू असलं की रेडिओतून फक्त टर्रर्र ऐकू यायचं, कारण इंजिनाच्या ठिणग्या त्याच्या कानात ओरडायच्या. इंजिन बंद केलं की रेडिओ थोडा बोलायचा, पण बॅटरी इतकी पिऊन टाकायचा की मग इंजिन चालूच व्हायचं नाही. म्हणजे मोटार चालू तर रेडिओ मुका, रेडिओ बोलका तर मोटार मेली. दयाबाई म्हणाल्या, "आपल्या दोघांसारखंच झालं की हे." मास्तर हसले नाहीत. पण योहान भिंतीपलीकडून हसला.

घमेल्यातल्या जमिनीला रोज पाणी घालायचं काम दयाबाईंकडे आलं. रोज पाणी घालायचं आणि त्यातून काही घ्यायचं नाही, हे कुठल्याही संसारी बाईला पटणार नाही. त्यांनी मूठभर मेथी पेरली. मीठ घातलेल्या मातीत मेथी उगवते का, असं विचारू नका. उगवली. अशी तरारली की शेजारच्या बनुबाईंच्या बकरीला तिचा वास लागला. एके दुपारी बकरी रिबेकात शिरली, मेथी खाल्ली, आणि तोंड गोड करायला म्हणून वायरीवरचं सूत खाल्लं. गोरक्षनं त्या उघड्या वायरींवर चिंध्या गुंडाळल्या. त्यात दयाबाईंच्या लग्नातल्या शालूचा काठ निघाला, तो प्रसंग मी सांगत नाही.

पण एवढ्या सगळ्यातून एका संध्याकाळी रेडिओ खरोखर बोलला! सगळं कंपाउंड रिबेकाभोवती जमलेलं. शेडवर बांबू, बांबूला एरियल, मास्तर सीटखाली ओणवे. खरखर झाली आणि एक बाई कुठल्याशा भाषेत बोलू लागली. कुणी म्हणालं मद्रासी, कुणी म्हणालं चिनी. काकासाहेबांनी टोपी काढली. त्या बाई काय म्हणत होत्या देव जाणे, पण सगळे हात जोडून उभे होते. मास्तर सीटखालून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला गाळ लागला होता. म्हणाले, "दया, थेंब पडेल बरं का या खेपेला." दयाबाईंनी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं.

हन्ना बाईंबरोबर मुंबईला गेली. जाण्याआधी महिनाभर तिनं ती अंगाई इतकी घोकली होती की भिंतीपलीकडच्या योहानला ती झोपेतसुद्धा पाठ झाली होती. हे लक्षात ठेवा असं मी म्हणत नाही. सहज सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मास्तर, दयाबाई आणि योहान रिबेकात बसून निघाले. मागं घमेलं, घमेल्याच्या एका बाजूला मातीसाठी पाण्याची कळशी, दुसऱ्या बाजूला रिबेकासाठी. करंजी घाटाच्या अर्ध्यावर रिबेका उकळली. तिची कळशी तिनं संपवली. थोडं पुढं गेल्यावर परत उकळली. मास्तर खाली उतरले. एका हातात उरलेली कळशी. समोर वाफा सोडणारी मोटार, मागं तहानलेली जमीन. जमिनीला घातलं तर वस्तीपर्यंत पोचत नाही. मोटारीला घातलं तर पोचतो, पण रेडिओ मुका. असा पेच बायबलातल्या शलमोन राजापुढंही आला नसता. त्याच्यापुढं दोन बाया एकाच मुलासाठी भांडत आल्या होत्या, इथं दोन मुलं आणि एकच कळशी. मास्तर घाटातल्या दगडावर बसले. किती वेळ बसले ते सांगत नाही. दयाबाईंनी कळशी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि रिबेकाच्या तोंडात ओतली.

"आधी पोचू तर खरं," त्या म्हणाल्या. "जमीन तिथंही आहेच की."

जमीन होती. पाणी नव्हतं. त्या साली तिकडचा आड आटला होता आणि बायका लांबून डोक्यावर हंडे आणत होत्या. रिबेका वस्तीवर शिरली तेव्हा सगळी वस्ती भोवती आली. कडूबाईंची खाट मास्तरांनी मोटारीच्या मागच्या दाराशी लावली. बांबू उभा केला, एरियल ताणली. सूर्य टेकडीला टेकला होता. कार्यक्रमाची वेळ झालीच होती. मास्तरांनी इंजिन बंद केलं, रेडिओची कळ फिरवली. नुसतं फस्स. घमेल्यातला गोदावरीचा गाळ उन्हानं वाळून भाकरीसारखा झाला होता.

मास्तर हळूच म्हणाले, "आई, तांब्याभर पाणी मिळेल? या मातीला घालायला."

कडूबाईंनी मान वळवली. "काय म्हनता? आमच्याकडं जमिनीला पानी न्हाई म्हनून मानसं गाव सोडत्यात, आन् तुमी जमीन मोटारीत घालून पानी मागाया आलाव?"

वस्ती हसली. म्हातारे हसले, कडेवरची पोरं हसली. मास्तर हसले नाहीत, रागावले नाहीत. ते फक्त मोटारीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. साखळी, हवालदार, पोतं, लायसन, बकरी, घाट, सगळं त्या दोन हातांत आलं होतं. म्हणाले, "खरंय आई. ढगच आहे मी."

कडूबाईंनी खाटेखाली चाचपडून आपला प्यायचा तांब्या काढला. "कुठं हाय तुमची जमीन?" दयाबाईंनी त्यांचा हात धरून घमेल्यापर्यंत नेला. म्हातारीनं सगळा तांब्या त्यात रिकामा केला.

आता मात्र योहान पुढं झाला. तो म्हणाला, "मंडळी, मागं सरका! ओल्या मातीत करंट आलाय, धक्का बसेल!" सगळी वस्ती बाभळीपर्यंत मागं गेली. "मास्तर, तुम्ही पुढं स्टिअरिंगच्या चाकाशी बसा, कळीला हात लावू नका. वायर ढिली आहे, ती मी मागं बसून धरतो." आणि योहान रिबेकाच्या मागं, सीटखालच्या रेडिओच्या अगदी पाठीशी, मातीत फतकल मारून बसला.

आणि मग, मंडळी, मुंबई आली! आधी थोडी खरखर, आणि मग हन्ना. तीच अंगाई. पहिल्या ओळीला आवाज जरा जाड वाटला. मुंबईची हवा दमट, चालायचंच. दुसऱ्या ओळीला बारीक झाला. दयाबाई चमकून मोटारीच्या मागं बघायला लागल्या, मग पुन्हा आईकडे वळल्या. बाभळीखाली चिटपाखरू हलत नव्हतं. मधेच एकदा 'पच्' असा आवाज झाला. तो वातावरणातला बिघाड. ढग एकमेकांना घासले की तसं होतं. मग पुन्हा गाणं, शेवटपर्यंत. कडूबाईंनी एक हात रिबेकाच्या पत्र्यावर ठेवला होता आणि त्या तालावर बोटं हलवत होत्या. मास्तर पुढं होते, मान चाकावर टेकलेली. ते रडत होते की झोपले होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

गाणं संपलं. कडूबाई नाकानं एक खोल श्वास घेऊन म्हणाल्या, "औंदा पडला म्हनायचा पाऊस. जावईबापू, दमलाव. हितंच जेवा, हितंच निजा."

बस्स. त्या दिवसापासून त्या घरात मास्तरांच्या शब्दाला कुणी ढग म्हणालं नाही. आणि आवाज किती स्वच्छ म्हणाल, तर शेवटी रेडिओवरची बाई जे म्हणाली, "या होत्या नगरच्या कुमारी हन्ना," तेसुद्धा मी या कानांनी—

"योहानकाका, खोटं!"

शेंगा फोडायचा आवाज थांबला होता. हन्नाबाईंनी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"मी त्या दिवशी गायलेच नाही. आदल्या दिवशी बर्फाचा गोळा खाल्ला आणि घसा बसला. माझ्या जागी दादरची एक मुलगी गायली, आणि तिनं भलतंच गाणं म्हटलं. परत आल्यावर मी बाबांना सांगितलं, तर बाबा कितीतरी वेळ तुमच्या भिंतीकडे बघत बसले आणि म्हणाले, 'आजीला सांगू नकोस, तिला खरं वाटलंय.' मी आजीकडे गेले, तर आजी म्हणाली, 'तुझ्या बापाला सांगू नगंस, त्यो लई दमून आला हुता. पर पोरी, त्या रेडिओला तंबाखूचा वास येत हुता.'"